दान द्यायचं तर आधी मुलांसाठी का नको?

मेघवाटा (धागाकर्ती)
दान कुठे द्यावं हा ज्याचा त्याचा प्रश्न, असं म्हणून आपण हा विषय नेहमी मिटवून टाकतो. मला तो मिटवायचा नाही. द्यायला पैसे मोजकेच असतील तर त्यातला मोठा वाटा मुलांचं पोषण, आरोग्य आणि शिक्षण यांसाठी जावा, असं माझं ठाम मत आहे.

कारण बालपणाला मुदत असते. मोठ्या माणसाला मदत वर्षभर उशिरा मिळाली तर तो हाल सोसतो, पण पुष्कळदा त्यातून सावरतो. पहिल्या दोन वर्षांत पोटाला कमी पडलेल्या मुलाची खुंटलेली वाढ मात्र पुढे कितीही खाऊ घातलं तरी बहुतेकदा पूर्ण भरून निघत नाही. वाचनाचंही तेच. सुरुवातीच्या वर्गांत वाचता आलं नाही की पुढचा प्रत्येक विषय हातातून निसटत जातो, कारण तिथून पुढे सगळं वाचूनच शिकायचं असतं.

एक उदाहरण देते. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या इप्सिलांटी इथे १९६२ ते १९६७ या काळात पेरी प्रीस्कूल नावाचा प्रयोग झाला. गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतली १२३ मुलं घेऊन त्यांचे दोन गट केले. एका गटाला रोज सकाळी बालवर्ग, शिवाय आठवड्यातून एकदा शिक्षिका घरी येऊन आईसोबत बसणार. दुसऱ्या गटाला यातलं काही नाही. ही मुलं चाळिशीला पोचली तरी त्यांची माहिती घेणं चालूच होतं. बालवर्गात गेलेल्यांपैकी जास्त जणांनी शाळा पूर्ण केली होती, त्यांची कमाई जास्त होती आणि अटक झालेल्यांचं प्रमाण कमी होतं. बुद्ध्यांकात सुरुवातीला दिसलेली वाढ काही वर्षांतच ओसरली होती, तरीही हे घडलं. म्हणजे एका जागी बसून काम पूर्ण करणं, माणसांशी जुळवून घेणं अशा गोष्टी त्या लहान वयात रुजल्या असणार. मला हा तपशील सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

आडवाट
असहमत. शिक्षण ही दानाची बाब नाहीच, ती सरकारची जबाबदारी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराचं २८ वं कलम सांगतं की प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि सगळ्यांना मोफत मिळालं पाहिजे. जगातल्या जवळजवळ सगळ्या देशांनी तो करार स्वीकारलाय. दानावर चालणारी शाळा दात्याचं मन फिरलं की बंद पडते, आणि ती चालू आहे तोवर सरकारला हात झटकायला कारण मिळतं. हक्काची गोष्ट कुणाच्या मर्जीवर का सोडायची?

शिवाय १२३ मुलांवरून जगभराचा निष्कर्ष काढणं मला धाडसाचं वाटतं.

सांजसावली
माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या सेवेत मी बराच काळ काम केलंय. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, रात्रीसुद्धा. जखम झालीच तर ती महिनोन्महिने भरत नाही. त्यासाठी माणूस लागतो आणि माणसाला पगार लागतो. या कामाला दान मिळवताना किती दारं ठोठवावी लागतात ते मी पाहिलंय. मुलाचा हसरा चेहरा दाखवला की पैसे येतात, म्हाताऱ्या माणसाच्या जखमेचा फोटो कुणी छापत नाही.

मुलांवर खर्च केला तर पुढे कमाई वाढते, हा तर गुंतवणुकीचा हिशेब झाला. ज्याच्याकडून पुढे काहीच मिळायचं नाही त्यालाही देणं, याला मी दान म्हणते.

मेघवाटा
@सांजसावली, कमाईचा उल्लेख मी परताव्यासाठी केला नाही. त्या मुलांचं आयुष्य खरंच सुधारलं का, हे कळायला काहीतरी मोजावं लागतं, एवढ्यासाठीच तो आला. माझा मुख्य मुद्दा गेलेली वेळ परत न येण्याचा आहे. वृद्धांना देऊ नका असं मी म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही.

@आडवाट, सरकारची जबाबदारी मान्य. पण सरकार जागं होईपर्यंत आज सहा वर्षांची असलेली मुलगी सोळाची होते.

जुनी_पानं
आडवाट यांनी ज्या कराराचा दाखला दिला, त्याची मुळं दानाच्याच कामात आहेत. पहिलं महायुद्ध थांबल्यावरही जर्मनी आणि ऑस्ट्रियाची नाकेबंदी चालू होती आणि तिथली मुलं उपाशी होती. एग्लंटाइन जेब या ब्रिटिश बाईंनी १९१९ साली लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात त्या मुलांच्या छायाचित्रांची पत्रकं वाटली. त्यांना अटक झाली आणि पाच पौंडांचा दंड झाला. खटला चालवणाऱ्या सरकारी वकिलानेच तेवढी रक्कम त्यांच्या हातात ठेवली. कालपर्यंत शत्रू असलेल्या देशातल्या मुलांसाठी!

त्याच वर्षी ‘सेव्ह द चिल्ड्रन’ हा निधी उभा राहिला. पुढे जेबबाईंनी बालहक्कांचा मसुदा लिहिला, तो राष्ट्रसंघाने १९२४ साली जिनिव्हात मंजूर केला. त्यातूनच १९५९ चा जाहीरनामा आणि १९८९ चा करार इथवर वाट आली. दानामुळे सरकार हात झटकतं हे नेहमीच खरं नसतं. कधी कधी दानच सरकारला बांधून घेतं.

आडवाट
हा इतिहास मोलाचा आहे, पण त्यातून माझाच मुद्दा बळकट होतो. जेबबाई नुसतं अन्न वाटून थांबल्या असत्या तर आज तो करार नसता. मग दानही हक्कासाठी झटणाऱ्यांना द्या, दप्तरं वाटणाऱ्यांना नको.

फळा_खडू
दप्तरांचा विषय निघालाच आहे तर लिहितो. मी शिक्षक आहे. पाचवीतला एक मुलगा पुस्तकाच्या ओळीखाली बोट फिरवत धडा अस्खलित म्हणायचा. त्यातलाच एक शब्द मी दुसऱ्या पानावर दाखवला तर गप्प. सगळा धडा त्याला ऐकून पाठ होता. अशा मुलाला नवं पुस्तक देऊन काय होणार?

केनियात १९९० च्या दशकात काही शाळांना फुकट पाठ्यपुस्तकं देऊन हेच तपासलं गेलं. सरासरी गुणांत फरक पडला नाही, फायदा झाला तो आधीच हुशार असलेल्या मुलांना. पुस्तकं इंग्रजीत होती आणि बऱ्याच मुलांची ती तिसरी भाषा होती. याउलट मुंबई आणि वडोदऱ्यात ‘प्रथम’ संस्थेने मागे पडलेल्या मुलांना रोज काही वेळ वेगळं बसवलं. परिसरातल्याच शिकलेल्या तरुणी त्यांना अक्षरओळख आणि बेरीज-वजाबाकी अशा मूलभूत गोष्टी शिकवत. तिथे गुण वाढले. इयत्ता बाजूला ठेवून, मूल जिथे अडलंय तिथून सुरुवात, एवढंच.

तेव्हा मेघवाटा यांच्याशी मी सहमत आहे, पण ‘शिक्षणासाठी दिलं’ एवढ्यावर समाधान मानू नका. वर्षाच्या सुरुवातीला किती मुलांना वाचता येत होतं आणि शेवटी किती जणांना, हे संस्थेला विचारा. वाटलेल्या वह्यांचा आकडा सांगायला लागले तर पुन्हा तेच विचारा.

उंबरठा
मुलांच्या नावाने दिलेल्या दानातून मुलांचं नुकसानही होतं, हे इथे अजून कुणी बोललं नाही. अनाथालयांना भरभरून पैसे मिळतात. तिथल्या बऱ्याच मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, फक्त गरीब असतात. घरी जेवण आणि शाळा मिळाली असती तर ते मूल घरीच राहिलं असतं.

रोमानियातल्या बुखारेस्टमध्ये २००० च्या सुमारास सुरू झालेल्या अभ्यासात अनाथालयांतली १३६ लहान मुलं होती. त्यांतली निम्मी त्यांना सांभाळायला तयार झालेल्या दुसऱ्या कुटुंबांत राहायला गेली. ती संस्थेत राहिलेल्यांपेक्षा चांगली वाढली, त्यातही दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांची प्रगती जास्त होती. मुदतीचा मुद्दा खरा आहे, म्हणूनच इमारतीला दान देऊ नका. घराला द्या. मेक्सिकोत १९९७ पासून ‘प्रोग्रेसा’त मुलांची शाळेतली हजेरी आणि आरोग्य तपासणी या अटींवर आईच्या हातात पैसे देत. माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुली त्यामुळे वाढल्या.

आडवाट
‘प्रोग्रेसा’ सरकारी कार्यक्रम होता, एवढं नोंदवतो.

मेघवाटा
@उंबरठा, आईच्या हातात दिलेले पैसे हे माझ्या लेखी मुलांसाठीचंच दान आहे. एका मुलाचा फोटो निवडून दरमहा त्याच्या नावाने पैसे पाठवण्यापेक्षा मला तेच बरं वाटतं. घरात तीन भावंडं असताना एकाच्याच नावाने पैसे आले तर बाकीच्या दोघांना काय वाटत असेल?

सांजसावली
घराचा विषय निघालाय तर आणखी एक सांगते. ज्या घरात आजी किंवा आजोबा अंथरुणावर आहेत आणि आई-वडील दोघंही कामावर जातात, तिथे दिवसा कूस कोण बदलतं? बहुतेक वेळा त्या घरातली बारा-तेरा वर्षांची मुलगी. आधी तिची दुपारची शाळा बुडते, मग परीक्षा बुडते, शेवटी नाव कमी होतं. आमची सेविका रोज चार तास त्या घरी गेली की ती मुलगी पुन्हा वर्गात दिसते. माझं दान मी वृद्धांच्या सेवेलाच देत राहणार. ते मुलांपासून तोडून कसं मोजायचं, ते मला सांगा.

फळा_खडू
अशा मुली माझ्या वर्गातही आहेत. हजेरीपटात त्यांच्यापुढे आम्ही ‘घरकाम’ एवढंच लिहितो, आजारी माणसाची वेगळी नोंद होत नाही. तुमच्या सेविका जातात त्या घरांत शाळेच्या वयाची मुलं किती आहेत, याची नोंद तुम्ही ठेवता का? ठेवत असाल तर ती परिसरातल्या शाळांना कळवता येईल का?