पाच लाख युरो आणि पोर्तुगालचं कार्ड: पासपोर्टच्या आशेवर पैसे अडकवावेत का?

ताळेबंद

"पाच वर्षांत युरोपचा पासपोर्ट" ही जाहिरात पाहून पोर्तुगालच्या गोल्डन व्हिसाची, म्हणजे गुंतवणुकीच्या बदल्यात मिळणाऱ्या निवास परवान्याची, चौकशी करणारे बरेच भेटतात. माझं मत आधीच सांगतो. पैसे टाकून निवासाचं कार्ड मिळतं, नागरिकत्व मिळत नाही. ते तिथल्या संसदेच्या हातात असतं आणि संसद कायदा बदलते. त्यामुळे निव्वळ पासपोर्टसाठी कोणी ५ लाख युरो अडकवू नयेत.

योजना सुरू झाली ऑक्टोबर २०१२मध्ये. आदल्या वर्षी देशाला ७८ अब्ज युरोंचं मदतकर्ज घ्यावं लागलं होतं, बाहेरचा पैसा हवाच होता. तेव्हा ५ लाखांचं घर घेतलं की काम होत असे. ७ ऑक्टोबर २०२३पासून घराचा रस्ता बंद झाला, बँकेत रक्कम ठेवण्याचाही. आता उरलं ते असं: ५ लाख युरो गुंतवणूक फंडात, तितकेच संशोधनात, अडीच लाख सांस्कृतिक वारशाच्या कामात (विरळ वस्तीच्या भागात २ लाख), किंवा स्वतःचा उद्योग काढून १० नोकऱ्या. आपल्याकडचे बहुतेक जण फंडाकडे वळतात.

कार्ड २ वर्षांचं असतं आणि वर्षाला सरासरी ७ दिवस तिथे राहिलं तरी पुरतं. मेख पुढे आहे. २०१८पासून ५ वर्षांच्या कायदेशीर वास्तव्यावर नागरिकत्वाचा अर्ज करता येत असे. २०२४च्या दुरुस्तीनं तर ही ५ वर्षं रेसिडेन्सीचा अर्ज केल्या दिवसापासून मोजायची सोय केली. दीड वर्षात वारं फिरलं. २८ ऑक्टोबर २०२५ला संसदेनं नवा कायदा मंजूर केला, त्यात भारतीयांसाठी मुदत १० वर्षं, तीही कार्ड मिळाल्यापासून. डिसेंबरमध्ये घटना न्यायालयानं त्यातली काही कलमं घटनाबाह्य ठरवली आणि कायदा परत संसदेकडे गेला, पण १० वर्षांच्या मुदतीला न्यायालयानं हरकत घेतली नाही. २०२१मध्ये पैसे भरून कार्डाची वाट पाहत बसलेल्या कुटुंबाचा हिशेब यात पुरता कोलमडतो.

उंबरठा

वस्तुस्थिती तुम्ही बरोबर मांडलीत, निष्कर्ष पटला नाही. मुदत १० वर्षं धरली तरी त्या १० वर्षांत सगळे मिळून ७० दिवस राहायचं आहे. चालता कारखाना किंवा दवाखाना सोडून ज्याला जाता येत नाही, त्याला युरोपात दुसरा असा देश सापडणं कठीण आहे. जर्मनी किंवा नेदरलँड्समध्ये नागरिकत्व हवं असेल तर बिऱ्हाड तिथेच हलवावं लागतं.

शिवाय मधे कायम रेसिडेन्सी आहे, ती ५ वर्षांनी मागता येते. नागरिकत्वाच्या वादाचा तिच्याशी संबंध नाही. कार्ड असताना कुटुंब कधीही तिकडे राहायला जाऊ शकतं, मुलं तिथल्या शाळेत जाऊ शकतात, नोकरी-धंदा करता येतो. हा हक्क आज वापरला नाही तरी हाताशी असतो.

एक गैरसमज मात्र काढून टाकायला हवा. हे कार्ड पोर्तुगालचं आहे, युरोपचं नाही. शेंगेनच्या, म्हणजे सामाईक व्हिसा असलेल्या युरोपीय गटाच्या, इतर देशांत व्हिसाशिवाय फिरता येतं, पण १८० दिवसांत ९० दिवसच. त्यावर म्युनिकमध्ये नोकरी करता येत नाही. तो हक्क नागरिकत्वानंतरच येतो.

भाषेचंही आताच सांगून ठेवतो. नागरिकत्वाला आणि कायम रेसिडेन्सीला ए-२ पातळीची, म्हणजे रोजच्या साध्या बोलण्यापुरती, पोर्तुगीज लागते. सिपले नावाची परीक्षा असते, ५५ टक्क्यांना पास. वाचन-लेखन जमून जातं, लोक अडतात ते ऐकण्यात. फोनवरची बरीच ॲपं ब्राझीलचे उच्चार शिकवतात, लिस्बनचा माणूस मात्र अर्धे स्वर गिळून बोलतो. पाव, चावी, बटाटा, पगार हे शब्द ओळखीचे आहेत म्हणून भाषा सोपी जाईल असं धरून चालू नका. पहिल्या वर्षापासून आठवड्याला ३-४ तास द्या.

रुपया_डॉलर

पासपोर्टपर्यंत जायच्या आधी पैसे भारतातून बाहेर कसे काढणार ते बघा. घोडं तिथेच अडतं.

रिझर्व्ह बँकेच्या एलआरएसखाली, म्हणजे परदेशी पैसे पाठवू देणाऱ्या योजनेखाली, निवासी भारतीयाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर पाठवता येतात. ५ लाख युरो म्हणजे १.१६च्या भावानं ५ लाख ८० हजार डॉलर. एकट्याची दोन वर्षांची मर्यादा जोडली तरी ८० हजार कमी पडतात.

"बायकोची मर्यादा जोडू" हा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. भांडवली व्यवहारात (मालमत्ता, गुंतवणूक) कुटुंबीयांच्या मर्यादा एकत्र करता येतात त्या फक्त सगळे त्या गुंतवणुकीचे सहमालक असतील तर. इकडे पोर्तुगालला पूर्ण ५ लाख मुख्य अर्जदाराच्या नावावर हवे असतात. दोन्ही नियम एकत्र ठेवले की जोडणी निकालात निघते.

म्हणून तीन आर्थिक वर्षं गाठावी लागतात. पहिला हप्ता मार्चमध्ये, दुसरा एप्रिलमध्ये, तिसरा पुढच्या एप्रिलमध्ये, म्हणजे १३ महिन्यांत काम होतं. पण पाठवलेले पैसे तिकडच्या खात्यात पडून ठेवता येत नाहीत. १८० दिवसांत गुंतवले नाहीत तर परत आणावे लागतात. त्यामुळे हप्त्याहप्त्यानं युनिट देणारा फंडच निवडा आणि ते लेखी घ्या. तिसरा हप्ता गुंतवल्यावरच रेसिडेन्सीचा अर्ज करता येतो, हे वर्षही तुमच्या मुदतीत धरा.

टीसीएस, म्हणजे पैसे पाठवताना बँक आगाऊ वसूल करते तो कर: १० लाख रुपयांवरच्या रकमेला २० टक्के. युरो शंभर रुपये धरला तरी जवळपास १ कोटी रुपये आयकर खात्याकडे जाऊन बसतात. तो खर्च नाही, तुमच्या करातून वळता होतो किंवा परत मिळतो. आगाऊ करात धरता येतो, पगारदाराला पगाराच्या टीडीएसमध्येही. तरी काही महिने ती रक्कम हाताशी नसते. ही रक्कम कर्ज काढून उभारायचा विचार करू नका, एलआरएसच्या भांडवली व्यवहाराला बँकेनं कर्ज देणं नियमात बसत नाही.

आणि दरवर्षी विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट भरा. तिकडचं बँक खातं आणि फंडाची युनिटं, दोन्ही. ते राहिलं तर काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो, उत्पन्न शून्य असलं तरी.

खाडीपार

वरचं सगळं भारतात निवासी असलेल्यांना लागू. दुबई-मस्कतला राहणारे अनिवासी आहेत, त्यांना एलआरएस आणि हा टीसीएस नाही. एनआरई खात्यातून (परदेशातल्या कमाईचं) किंवा तिकडच्या पगाराच्या खात्यातून रक्कम एकदम पाठवता येते. एनआरओ खात्यातून (भारतातल्या उत्पन्नाचं) काढायची तर वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत, तीही सीएच्या प्रमाणपत्रासह. कुटुंब भारतात परतणार असेल तर गुंतवणूक परतण्याआधी पूर्ण करावी. आखाती देशात कितीही वर्षं राहिलं तरी शेवटी परतावंच लागतं, म्हणून तिथल्या माणसाला पोर्तुगालच्या कार्डाची गरज पुण्यातल्या माणसापेक्षा जास्त आहे. ताळेबंद यांच्या हिशेबात हा माणूस आलेलाच नाही.

मांडवीतीर

गोव्याच्या वाचकांसाठी. तुमचे आई-वडील किंवा आजी-आजोबा १९ डिसेंबर १९६१च्या आधी गोवा, दमण किंवा दीवमध्ये जन्मले असतील तर एक युरोही गुंतवू नका. पोर्तुगाल त्यांना जन्मानं नागरिक मानतो. लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात त्यांचा जन्म नोंदवला की मुलांचा आणि पुढे नातवंडांचा मार्ग मोकळा होतो. साखळीतला आधीचा माणूस नोंदलेला असायला हवा. अर्ज रखडतात ते बहुधा नावांमुळे. जुन्या दाखल्यात शणैचं सिनाय झालेलं असतं, प्रभूचं पोरोब, आणि आजच्या आधारवर तिसरंच काही. ते आधी इथे दुरुस्त करून घ्या, लिस्बनला पाठवल्यावर नाही.

पण दोन्ही वाटांचा शेवट एकाच कायद्यापाशी होतो, आणि त्याबद्दल या धाग्यावर अजून कोणी बोललेलं नाही. १९५५च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९: स्वेच्छेनं परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. पोर्तुगालला दोन नागरिकत्वं चालतात, भारताला नाही. गोव्यात लिस्बनच्या नोंदीनंतरही भारतीय पासपोर्ट वापरत राहिलेल्यांचे पासपोर्ट रद्द झाले, आणि पासपोर्ट जमा केल्याचं प्रमाणपत्र नाही म्हणून ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयाला मिळणारं कार्ड, अडलं. २०२४मध्ये परराष्ट्र मंत्रालयानं पासपोर्ट रद्द केल्याचं प्रमाणपत्रही ओसीआयसाठी चालेल असं ठरवलं, तेव्हा वाट निघाली.

ओसीआय म्हणजे दुहेरी नागरिकत्व नव्हे. मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशानं आलेली ठेवता येते. ज्याच्या नावावर सातबारा आहे आणि शेजारचा तुकडा घ्यायचा मनात आहे, त्यानं हे आधी ठरवावं. माझ्या मते आपल्यातल्या पुष्कळांना कायम रेसिडेन्सीवर थांबणं जास्त सोयीचं आहे: भारतीय पासपोर्टही राहतो, युरोपचं दारही.

भाडेकरार

सगळे हिशेब तुमच्या बाजूचे चालले आहेत. लिस्बनच्या माणसाचं काय? २०२३पर्यंत १२ हजारांहून अधिक गुंतवणूकदारांना ही कार्डं मिळाली, बहुतेक घर विकत घेऊन. जिथे साधा पगार हजार-बाराशे युरोंच्या आसपास, तिथे वर्षातून आठवडाभर येणारा माणूस ५ लाखांचं घर घेतो आणि कुलूप लावून जातो. तिथली तरुण मुलं शहराबाहेर ढकलली गेली, रस्त्यावर उतरली, म्हणून तो मार्ग बंद झाला. कायदा का बदलला हे समजून न घेता नुसतं "नियम बदलतात" म्हणून तक्रार करणं योग्य नाही.

माल्टाचं उदाहरण घ्या. तिथे ६ ते साडेसात लाख युरो, शिवाय घर आणि देणगी, इतक्यावर थेट नागरिकत्व मिळत होतं. २९ एप्रिल २०२५ला युरोपीय न्यायालयानं ते बेकायदा ठरवलं. सदस्य देशाशी खरं नातं नसताना पैशाच्या बदल्यात नागरिकत्व देणं म्हणजे त्याचा व्यापार, असा निकालाचा आशय आहे. सायप्रसनं २०२०मध्येच योजना बंद केली, आयर्लंडनं २०२३मध्ये, स्पेननं एप्रिल २०२५मध्ये. वारं कुठे वाहतंय ते स्पष्ट आहे.

उंबरठा

@भाडेकरार, भाड्यांचं दुःख खरं आहे, त्यावर वाद नाही. पण १२ हजार घरांवर सगळा भार टाकता येणार नाही. पर्यटकांना दिवसाच्या भाड्यानं दिलेली घरं आणि वर्षानुवर्षं थंडावलेलं बांधकाम ही मोठी कारणं आहेत. आणि आता पैसा घरात जातच नाही. फंडाला किमान ६० टक्के रक्कम पोर्तुगालमध्ये मुख्यालय असलेल्या कंपन्यांत घालावी लागते, घर-जमिनीशी थेट किंवा आडून संबंध चालत नाही. ही गुंतवणूक तिथल्या कामगाराच्या उपयोगाची आहे.

एजियन

घरच हवं असणाऱ्यांसाठी ग्रीस आहे, म्हणून नोंदवतो. १ सप्टेंबर २०२४पासून अथेन्सचा अटिका प्रदेश, थेसालोनिकी, मिकोनोस, सँटोरिनी आणि ३,१००हून अधिक वस्तीची बेटं इथे ८ लाख युरो, उरलेल्या देशात ४ लाख. एकच मालमत्ता, किमान १२० चौरस मीटर. अडीच लाखांत आता फक्त दुकान-कार्यालयाचं घरात रूपांतर किंवा वारसा इमारतीचा जीर्णोद्धार बसतो. रूपांतराचं काम अर्ज करण्याआधी पूर्ण हवं. "काम होईल, तुम्ही सही करा" म्हणणाऱ्या विक्रेत्यापाशी लोक इथेच फसतात. घर दिवसाच्या भाड्यानं दिलं तर ५० हजार युरो दंड आणि निवास परवानाही जातो.

कार्ड ५ वर्षांचं, राहण्याची अट नाही. नागरिकत्वाला मात्र ७ वर्षं खरोखर तिथे राहावं लागतं, ग्रीक भाषेसह परीक्षा द्यावी लागते. नुसतं कार्ड बाळगून काही होत नाही.

ताळेबंद

@उंबरठा, @खाडीपार, कायम रेसिडेन्सीपुरतं तुमचं म्हणणं मान्य, आखाती नोकरदाराचा मुद्दाही. पण फंडाकडे बारकाईनं बघा. हे फंड बहुतेक मुदतबंद, ६ ते १० वर्षांचे. मधे बाहेर पडता येत नाही, युनिट विकायला बाजार जवळपास नाही. फंड आठव्या वर्षी बंद झाला आणि नागरिकत्व अकराव्या वर्षी येणार असेल तर मधल्या काळात काय? कार्डाचं नूतनीकरण हवं तोवर गुंतवणूक ठेवावी लागते. म्हणजे पुन्हा नवा फंड, किंवा तोवर भाषा करून कायम रेसिडेन्सी. हे दलाल सांगत नाही, त्याला फंडाकडून दलाली मिळते.

म्हणून सही करण्याआधी: फंड तिथल्या सीएमव्हीएमकडे (बाजार नियामक) नोंदलेला आहे का ते त्यांच्या यादीत स्वतः बघा. युनिटं सांभाळणारी बँक व्यवस्थापकापासून वेगळी आहे का बघा. प्रवेशशुल्क, वार्षिक शुल्क आणि नफ्यातला वाटा हे तीन आकडे वेगळे मागा. वर्षाला २ टक्के शुल्क म्हणजे ८ वर्षांत ८० हजार युरो. वकील फंडानं सुचवलेला घेऊ नका. सरकारी शुल्कही धरा, कार्ड निघताना माणशी सुमारे ६ हजार युरो. चौघांच्या कुटुंबाला २४ हजार, आणि प्रत्येक नूतनीकरणाला पुन्हा मोठी रक्कम.

दाखला

कागदपत्रांचं कोणी लिहिलं नाही. क्रम असा: आधी पोर्तुगालचा करक्रमांक, निफ म्हणतात तो, मग तिथलं बँक खातं, मग पैसे, मग अर्ज. बँक पैशाचा उगम विचारते. जमीन विकून आलेला पैसा असेल तर खरेदीखत, भांडवली नफ्याचा कर भरल्याचं चलन आणि रक्कम खात्यात जमा झालेली नोंद, हे तिन्ही एकमेकांना जुळायला हवं. व्यवहारातला रोखीचा भाग दाखवता येत नाही, तो विसराच.

जन्म आणि विवाहाच्या दाखल्यांवर राज्य शासनाचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणूनचा शिक्का), मग प्रमाणित पोर्तुगीज भाषांतर. आपल्याकडे कटकट होते ती मधल्या नावाची. पत्नीच्या जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव, पासपोर्टवर नवऱ्याचं, पॅनवर माहेरचं आडनाव. तिकडच्या अधिकाऱ्याला या तीन वेगळ्या बायका वाटतात. विवाह नोंदणीच्या दाखल्यावर दोन्ही नावं आहेत का ते आधी तपासा, नसतील तर राजपत्रात नोंद करून घ्या. ग्रामपंचायतीच्या जुन्या दाखल्यावर नावच नसतं, फक्त "मुलगा" किंवा "मुलगी". तोही दुरुस्त करून घ्यावा लागतो.

१८ ओलांडलेलं मूल अवलंबून, अविवाहित आणि पूर्णवेळ शिकत असेल तरच अर्जात बसतं. बोटांचे ठसे द्यायची तारीख कधी मिळेल याचा भरवसा नाही. ऑक्टोबर २०२३मध्ये स्थापन झालेल्या आयमा या स्थलांतर विभागाकडे जुने सुमारे ४ लाख अर्ज वारशानं आले होते. मूल आज १९-२० वर्षांचं असेल तर कार्ड निघेपर्यंत ते नोकरीला लागून अर्जाबाहेर पडू शकतं, हे धरूनच ठरवा. आणि पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र सगळ्यात शेवटी काढा, ते ३ महिनेच चालतं. पैसे पाठवायला १३ महिने लागणार असतील तर पहिल्या हप्त्याबरोबर काढलेलं प्रमाणपत्र अर्जाच्या दिवशी उपयोगाचं नसेल.