१६ कोअर घेतले म्हणजे चौपट कॉल?

घणसोली_नाइटशिफ्ट: काल जुईनगरवाल्याने इथे ॲस्टरिस्कबद्दल, म्हणजे फोन-एक्स्चेंज चालवणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल, ठोकून दिलं, "ॲस्टरिस्क मल्टिथ्रेडेड आहे, ४ च्या जागी १६ कोअर टाका, चौपट कॉल घ्या." डोकंच फिरलं. चॅनेलला, म्हणजे कॉलच्या प्रत्येक टोकाला, स्वतंत्र थ्रेड (प्रोसेसरवर वेगळा चालणारा कामाचा धागा) मिळतो, कबूल. पण चॅन-सिपमध्ये, म्हणजे ॲस्टरिस्कच्या जुन्या सिप मॉड्यूलमध्ये, यूडीपीवरचं सगळं सिग्नलिंग (कॉल जोडणं-तोडणं, फोन रजिस्टर करणं) एकाच मॉनिटर थ्रेडमधून जातं. महाप्यातल्या आमच्या डायलरवर (आपोआप कॉल लावणाऱ्या सर्व्हरवर) एचटॉप लावा, कोणत्या कोअरवर किती भार ते दिसेल: एक कोअर लालबुंद, बाकीचे डुलक्या काढतायत, आणि एजंट बोंबलतायत की फोन रजिस्टर होत नाही.

वागळे_रोड२२: अजून चॅन-सिप? २०१३ मध्ये १२ व्या आवृत्तीत पीजेसिप हे नवं सिप मॉड्यूल आलं, काम अनेक थ्रेडमध्ये वाटणाऱ्या थ्रेडपूलसकट. २१ व्या आवृत्तीतून तर चॅन-सिप काढूनच टाकलं. खटारा तुमचा आणि खापर कोअरवर!

घणसोली_नाइटशिफ्ट: मालक अपग्रेडला हो म्हणेल तेव्हा बघू. आणि पीजेसिपने कॉन्फरन्स सुटते का? एका कॉन्फरन्सचं मिक्सिंग, म्हणजे सगळ्यांचे आवाज एकत्र करणं, एकाच थ्रेडवर. मग कोअर १६ असोत की ६४.

सानपाडा_सिप: छोट्या-छोट्या कॉन्फरन्स असल्या की वाटल्या जातात. तेही लिहा ना.

ऐरोलीची_सई: थ्रेडबिड राहू दे, रेकॉर्डिंगचं बोला. क्लायंटला प्रत्येक कॉलची एमपीथ्री हवी, म्हणून कॉल संपला रे संपला की त्याच डायलरवर लेम (एमपीथ्री बनवणारा प्रोग्रॅम) सुरू. जी-७११ या कोडेकमधल्या (आवाज डिजिटल करायच्या पद्धतीतल्या) आवाजाचं पॅकेट दर २० मिलिसेकंदांनी निघायला हवं, सेकंदाला ५०, तेही एका दिशेने. इथे डिस्क एकच, टॉपमध्ये 'डब्ल्यूए' (डिस्कची वाट बघण्यात जाणारा वेळ) चढलेला, कस्टमर म्हणतो "हॅलो, आवाज तुटतोय". कोअर? भरपूर रिकामे!

वागळे_रोड२२: रेकॉर्डिंग वेगळ्या डिस्कवर, कन्व्हर्जन दुसऱ्या मशिनवर. एवढंही कळत नाही?

ऐरोलीची_सई: कळतं हो. परचेस ऑर्डरवर सही तुम्ही करता का? रात्री २ ला फोन मला येतो. तीन वेळा कोटेशन पाठवलं, उत्तर काय, "आधी जुन्या फाइली डिलीट करा". केल्या, तर क्लायंटला नेमकी त्यातलीच एक हवी!

वागळे_रोड२२: माझ्यावर कशाला चिडता?

जुईनगर_व्हीओआयपी: मी जी-७२९ च्या ट्रान्सकोडिंगबद्दल, म्हणजे आवाज एका कोडेकमधून दुसऱ्यात बदलण्याबद्दल, बोललो होतो. ते त्या-त्या कॉलच्या थ्रेडमध्ये होतं, कोअर वाढले की फरक पडतोच.

घणसोली_नाइटशिफ्ट: मग तसं लिहायचं ना, महाराज! ट्रान्सकोडिंगपुरतं मान्य. चौपट तरीही नाही. एकच डेटा वापरताना लॉकसाठी थ्रेड एकमेकांची वाट बघतात, तो वेळ कोण भरून देणार?

सानपाडा_सिप: एका मोठ्या मशिनपेक्षा छोटी दोन घ्या, पुढे कामाइलिओ (कॉल मशिनांमध्ये वाटणारा सिप सर्व्हर) लावा. भांडण मिटलं.

ऐरोलीची_सई: दोन मशिनं म्हणजे रेकॉर्डिंग दोन ठिकाणी. शोधायला तुम्ही येणार?