वैडूर्य, लसण्या आणि बिलोरी काच: शब्द एकच का?

पैलूदार:
नवरत्नांच्या यादीत केतूसमोर कुठे ‘वैडूर्य’ असतं, कुठे ‘वैदूर्य’. सराफाकडे मागितलं की लसण्या, म्हणजे मांजराच्या डोळ्यासारखी रेघ दिसणारा खडा, पुढे येतो. कोश मात्र ‘बेरिल’ या रत्नाच्या इंग्रजी नावाचं मूळ वैडूर्यात दाखवतात, आणि लसण्या तर बेरिल नव्हे. मूळ शब्द कोणता? आणि आपली ‘बिलोरी काच’ याच घरातली का?

धातुपाठ:
बिलोरी याच घरातली.

‘द’वालं रूप व्याकरणातून आलंय. पाणिनीचं सूत्र आहे (४.३.८४): विदूर इथून निघतं ते वैदूर्य. त्यावर भाष्यकार पतंजलीची शंका अशी की खडा निघतो वालवाय पर्वतात, विदूरला त्याच्यावर फक्त संस्कार होतात. मग नाव विदूरचं कसं? त्याच्या उत्तरांपैकी एक मजेशीर आहे: व्यापारी वाराणसीला जित्वरी म्हणतात, तसंच वैयाकरण वालवायालाच विदूर म्हणतात असं समजा. थोडक्यात, ही व्युत्पत्ती तेव्हाच ओढूनताणून वाटत होती.

भाषाशास्त्रज्ञ सहसा उलटा क्रम लावतात. आधी पालीतलं ‘वेळुरिय’, प्राकृतातलं ‘वेरुलिय’, आणि त्यांना संस्कृतचा साज चढवून वैडूर्य. मूळ बहुधा द्राविडी. पाली रूपात आधी ळ, मग र. प्राकृतात आधी र, मग ल. ग्रीक ‘बेरुल्लोस’मध्येही र आधी, म्हणजे ग्रीकांनी वेरुलियसारखं रूप ऐकलं, ‘व’ त्यांच्याकडे नव्हता, तिथे ‘ब’ आला. फारसी ‘बिल्लोर’मध्ये मात्र ल आधी. म्हणून काही जण तो शब्द ग्रीकमार्गे न आणता थेट वेळुरियपासून काढतात, आणि मला तेच पटतं. फारसीत बिल्लोर म्हणजे स्फटिक. तिथून मराठीत बिलोरी आरसा, बिलोरी भिंग.

चष्म्याला जर्मनमध्ये ‘ब्रिल’ म्हणतात तेही यातूनच. सुरुवातीची भिंगं बेरिल किंवा स्फटिक घासून करत. चिनी ‘लिउली’ हीसुद्धा वेरुलियची झीज, अर्थ रंगीत काच. दोन टोकांना रत्नाची काच झाली!

नदीकाठ:
कर्नाटकातलं बेलूर यात ओढू नका, हे मोह पडायच्या आत सांगतो. त्या गावाचं नाव शिलालेखांत वेलापूर असं येतं. पुरावा हवा तर कोईमतूरच्या बाजूला बघा. कांगेयमजवळ पडियूरला बेरिलच्या जुन्या खाणी, नोय्यल नदीकाठी कोडुमणलला खडे घडवण्याच्या जागा, आणि त्याच पट्ट्यात रोमन नाण्यांचे साठे. रोमन लेखक प्लिनी लिहितो की बेरिल मुख्यतः भारतातून येतं, उत्तम ते समुद्राच्या हिरव्या रंगाचं, आणि भारतीयांना लांबट खडे फार आवडतात. बेरिलचा स्फटिक षट्कोनी कांडीसारखाच वाढतो.

तिबेटी परंपरेत मात्र वैडूर्य म्हणजे निळा राजावर्त (लॅपिस लाझुली). भैषज्यगुरू बुद्ध तिथे निळा रंगवतात तो त्यामुळे. जुन्या पोथीत वैडूर्य दिसलं की लगेच लसण्या असं भाषांतर करू नये, आधी रंगाचं विशेषण बघावं.

खडेपारखी:
बाजारात वैडूर्य म्हणून मिळतो तो लसण्या म्हणजे क्रिसोबेरिल. नावात बेरिल असलं तरी खनिज वेगळं: बेरिलियम दोघांत आहे, पण क्रिसोबेरिलमध्ये सिलिका नाही. गंमत म्हणजे पाचू हे खरं बेरिल, क्रोमियमने हिरवं झालेलं. बेरिलियम हे नावही या खड्यावरूनच. 1798 मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ वोक्लँ यांनी बेरिल आणि पाचू यांतच ते मूलद्रव्य ओळखलं.

लसण्याच्या नावाखाली गारगोटीच्या जातीचा मार्जारनेत्री खडा खूप खपतो. रेघ दोघांतही दिसते, पण वजन फसवत नाही. 0.01 कॅरेटपर्यंत दाखवणारा काटा घ्या. खडा आधी हवेत तोला, मग दोऱ्याने पाण्यात टांगून, पेल्याचा काठ वा तळ न लागू देता. हवेत 4.80 आणि पाण्यात 3.50 भरला तर घट 1.30, 4.80 भागिले 1.30 म्हणजे 3.69, ही खड्याची पाण्याच्या तुलनेतली घनता. क्रिसोबेरिल 3.7 च्या आसपास येतं, गारगोटी 2.65, बेरिल साधारण 2.7. म्हणजे गारगोटी की बेरिल हे या रीतीने ठरत नाही, पण लसण्या लगेच वेगळा पडतो.

चूक होते ती बहुतेक बुडबुड्यांमुळे. खड्याला चिकटलेली हवा त्याला वर उचलते, पाण्यातलं वजन कमी भरतं आणि खरा लसण्याही हलका ठरतो. पाण्यात साबणाचा एक थेंब टाका, ओल्या कुंचल्याने खडा पुसा. एक कॅरेटपेक्षा लहान खड्यावर हे करू नका, काट्याची चूकच उत्तर खाऊन टाकते.

फारच सरळ, धारदार रेघ दिसली तर दहापट भिंगाखाली खडा बाजूने बघा. मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसली तर ती तंतूंची काच आहे.

पैलूदार:
आभार. खडा अंगठीत असेल तर?

खडेपारखी:
कोंदणातून काढावाच लागेल. सोन्याची घनता खड्याच्या चौपट-पाचपट, भागाकार निरर्थक होतो.