जंजिरा नको, बीच नको: बाबांना घेऊन कोकणात चार दिवस. जुनी बंदरं, लेणी, गावं कशी बघावीत?

कऱ्हाडची लेक

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बाबांना घेऊन कोकणात जायचंय. बाबा ७४ वर्षांचे, पोस्टातून निवृत्त. डावा गुडघा कुरकुरतो, पण तोंडाने कबूल करत नाहीत. पुण्याहून निघणार, गाडी मीच चालवणार. चार दिवस, तीन मुक्काम.

अलिबाग-काशीद-मुरूड आमचं चार-पाच वेळा झालंय आणि दर वेळी तेच. घोडागाडी, पाण्यातली स्कूटर, सुरमई थाळी (आम्ही दोघंही शाकाहारी, म्हणजे आमच्या वाट्याला सोलकढी आणि भात) आणि जंजिऱ्यावर पाऊण तासाची पळापळ. मागच्या वेळी होडीतून पायरीवर उतरताना बाबांची एक चप्पल समुद्रात गेली. ते प्रकरण घरात अजून मिटलेलं नाही.

निवृत्तीनंतर त्यांना शिलालेखांचा नाद लागलाय. मोडी शिकून झाली, आता ब्राह्मी गिरवतात, तेही वाणसामानाच्या यादीच्या मागे. त्यांचं म्हणणं, "किल्ले काय, तीनशे-चारशे वर्षांचे. त्याच्या आधी या किनाऱ्यावर माणसं काय करत होती ते दाखव." आता हे मी कुठून दाखवू? शोधाशोध करून चौल, कुडे आणि पन्हाळेकाजी अशी तीन नावं काढलीत. चार दिवसांत तिन्ही होतील का? चढ किती? आणि मासे न खाणाऱ्याने जेवायचं काय?

भटक्या७७

आरामात होतं. पहिला दिवस चौल-रेवदंडा-कोर्लई-मुरूड. दुसरा दिघी-श्रीवर्धन-हरिहरेश्वर. तिसरा वेळास-केळशी-हर्णे. चौथा पन्हाळेकाजी-दाभोळ-गुहागर, आणि रात्री कुंभार्ली घाटाने परत. मी बाइकवर केलंय.

वस्तीची गाडी

भटक्याभाऊ, तुमचा बेत वाचूनच माझी कंबर धरली.

ताई, मी ३१ वर्षं एसटीत कंडक्टर होतो. त्यातली निम्म्याहून जास्त रोहा, तळा, मुरूड या पट्ट्यात गेली. नाव बघून कळलं असेलच, रात्री वस्तीला जाणारी गाडी बहुतेक माझ्याच गळ्यात पडायची. तेव्हा माझं ऐका. किनारा धरून उभं खाली उतरत जायचं, ही आत्ताची रीत. पूर्वीची माणसं तशी फिरत नव्हती. त्यांचा रस्ता म्हणजे खाडी. भरतीबरोबर गलबत आत, ओहोटीबरोबर बाहेर. म्हणून किल्ला मुखाशी, बंदर जरा आत, आणि लेणी, बाजार, घाटाकडे जाणाऱ्या वाटा त्याच्याही आत. एक खाडी धरा आणि तीच नीट बघा. मी म्हणेन, राजपुरीची धरा. तिच्या तोंडाशी जंजिरा आणि पोटात कुड्याची लेणी. जंजिऱ्याला येणाऱ्या शंभरातले नव्वद जण कुड्याचं नावही ऐकून नसतात.

मी तरी कुठे ऐकून होतो? गाडीचा पाटा तुटला म्हणून ती लेणी मला दिसली. १९८९ किंवा ९०, मार्च महिना. दुसरी गाडी यायला चार तास होते. पॅसेंजर शिव्या देत चालत गेले, ड्रायव्हर गाडीखाली पेपर अंथरून झोपला. मी तिकिटांची पेटी खांद्याला अडकवली (ती सोडून जायची सोय नाही, हिशेब माझ्या नावावर) आणि वर काय आहे बघू म्हणून चढलो. पहिल्याच लेण्याच्या ओसरीत दोन शेळ्या रवंथ करत बसलेल्या. तिसरी आत, भिक्षूच्या दगडी ओट्यावर, मालकिणीसारखी. खाली खाडी सुकलेली, आणि एक मचवा चिखलात कलंडून भरतीची वाट बघत पडलेला. माझ्या गाडीसारखाच. चार तास कुठे गेले कळलं नाही.

तिथे एकूण २६ लेणी आहेत, बौद्ध, मूळची इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतली. सहाव्या लेण्याला दर्शनी बाजूला हत्ती आहेत, आत जोडपी कोरलीत. बुद्धाच्या मूर्ती पुष्कळ नंतरची भर. पण तुमच्या बाबांसाठी खरा माल वेगळाच आहे. भिंतींवर ब्राह्मीत दान देणाऱ्यांची नावं आहेत. मांदव घराण्यातले महाभोज आहेत, म्हणजे इथले सरदार म्हणा. मांदाड गाव शेजारीच आहे, नावावरून काय ते ओळखा. पण बाकीचे कोण? एक वैद्य. एक माळी. आणि तुमचं टोपणनाव वाचून मी खुर्चीत सरळ बसलो ते यासाठी, की कऱ्हाडचा एक लोखंडाचा व्यापारी. पुढे एकदा लिपी वाचणारे एक सर माझ्या गाडीत होते. सुट्टी होती, मी त्यांच्याबरोबर वर गेलो. दगडाला हात न लावता, हवेतच बोट फिरवत त्यांनी मला वाचून दाखवलं. 'करहाकडक' म्हणजे कऱ्हाडचा. 'देयधम' म्हणजे दान. हे दोन शब्द माझे अजून पाठ आहेत.

भर दुपारी जाऊ नका, अक्षरं उन्हात मरतात, नुसता खरबरीत दगड दिसतो. सकाळी किंवा चारनंतर. टॉर्च न्या आणि ती समोरून मारू नका. भिंतीला चिकटून आडवी धरा, मग खोदलेल्या रेघेत सावली भरते आणि अक्षर उठतं. चढ फार नाही. काठी बरोबर असू द्या, आणि बाबांच्या मागून "हळू, हळू" करत चालू नका, त्याने माणूस जास्त अडखळतो.

ताम्हिणीने माणगाव, पुढे महामार्गाने इंदापूर, तिथून तळा, तळ्याहून कुडे. एवढाच पहिला दिवस. दुसऱ्या दिवशी रोह्यावरून मुरूडला उतरा. जंजिऱ्याच्या होडीत बसायचंच नाही. खोकरीला सिद्द्यांच्या दगडी कबरी आहेत, घुमटाच्या, सर्वांत मोठी सिरुलखानाची. तिथे बहुधा तुम्ही दोघंच असाल. संध्याकाळी आगरदांड्याहून जंगलजेटीत (गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीला आमच्याकडे हेच नाव) दिघीपर्यंत जाऊन या. तिकडून जंजिरा छान दिसतो आणि चप्पल पायात राहते.

जेवणाचं आदल्या दिवशी सांगून ठेवा. तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं कुठल्याही घरात होतं. थंडी लवकर पडली असेल आणि कोणी पोपटी लावत असेल, तर "आमची शाकाहारी लावा" म्हणून आधीच बजावा. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यात वालाच्या शेंगा आणि बटाटे. नाही बजावलंत तर मधे अंडी निघतील.

आगरातली

माझं माहेर रेवदंडा, म्हणून बोलल्याशिवाय राहवत नाही. काकांचा बेत उत्तम, पण तिसरा दिवस माझ्याकडे द्या.

आमचं घर किल्ल्यात आहे. म्हणजे सगळं गावच किल्ल्यात आहे. तटातून रस्ता आत शिरतो आणि आत नारळ-सुपारीच्या वाड्या. आमच्या कपड्यांच्या दोरीचं एक टोक माडाला आणि दुसरं पोर्तुगीज भिंतीतल्या एका खिळ्याला. तो खिळा आजोबांच्या आधीचा, त्यामुळे पुरातत्त्ववाल्यांनी मला विचारू नये. सातखणी बुरूज बघा, फक्त सात खण मोजायला जाऊ नका, तेवढे उरलेले नाहीत. शाळेच्या आवारात अफनासी निकितिनचं स्मारक आहे. हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात घोडा विकायला म्हणून चौलला उतरला आणि जुन्नरला त्याचा घोडाच तिथल्या अधिकाऱ्याने काढून घेतला. तुमच्या चपलेपेक्षा महाग गेलं.

चौलबद्दल आधीच सांगते, नाहीतर बाबा नाराज होतील. ग्रीकांचं सिमिल्ला, लेण्यांतल्या लेखांतलं चेमुल, अरबांचं सैमूर, सगळं हेच. पण एवढ्या जुन्या बंदराचं जमिनीवर दाखवण्यासारखं काही नाही. चौलला ३६० देवळं आणि ३६० तळी असं आम्ही लहानपणापासून ऐकतो. मी आणि भावाने एका मे महिन्यात मोजायला घेतली आणि तेविसाव्याला भांडण होऊन घरी आलो. रामेश्वराच्या देवळात मात्र बसा, समोरची पोखरण (तळं) बघत. दत्ताच्या टेकडीवर पायऱ्या खूप आहेत, गुडघ्याला विचारून ठरवा. आणि तारीख बघा! दत्तजयंतीपासून पाच दिवस भोवाळ्याची यात्रा असते, तेव्हा गाडी लावायलाही जागा मिळत नाही.

पुलावरून पलीकडे गेलात की कोर्लई. सगळे किल्ल्यावर जाऊन समुद्राचे फोटो काढतात आणि पायथ्याचं गाव तसंच राहतं. तिथल्या ख्रिस्ती वाडीत पोर्तुगीज आणि मराठी मिसळून झालेली भाषा बोलतात. बोलणारे हजाराच्या आतबाहेर. ते तिला 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे आमची भाषा. १७४० मध्ये मराठ्यांनी कोर्लई घेतली, पोर्तुगीज गेले, भाषा राहिली. माझ्या वर्गात तिथल्या दोघी होत्या. बाईंसमोर मराठी, आणि चिडल्या की ती. आम्हाला शिव्या तेवढ्या कळायच्या.

ताम्रपट

दोन दुरुस्त्या. नावावरून 'काय ते ओळखा' हे धोक्याचं असतं. पेरिप्लस या जुन्या ग्रीक प्रवासवर्णनातलं मंदगोरा बंदर म्हणजे मांदाड असं बरेच जण धरतात, पण बाणकोट मानणारेही अभ्यासक आहेत. दुसरं, पन्हाळेकाजी या फेरीत कोंबू नका. ते दापोली तालुक्यात, कोटजाई नदीच्या काठी. २९ लेणी, आणि ती एका धर्माचीही नाहीत. आधी हीनयान बौद्ध, मग वज्रयान म्हणजे तांत्रिक बौद्ध, मग शैव आणि नाथपंथी. तिथे सापडलेल्या ११३९ च्या ताम्रपटातून शिलाहार घराण्यातल्या विक्रमादित्याची राजधानी प्रणालक म्हणजे हीच जागा, हे कळलं. सगळ्यात शेवटचं गौरलेणं बाकीच्यांपासून सुटं आहे, त्यात नाथसिद्धांच्या मूर्ती. दाभोळची मासाहेबांची मशीद आणि पन्हाळेकाजी असे स्वतंत्र दोन दिवस ठेवा.

वस्तीची गाडी

ताम्रपटसाहेब, मी पेरिप्लसचं नावही काढलं नव्हतं, मी लेखातल्या मांदवांचं बोललो. बाणकोट असो नाहीतर मांदाड, ग्रीक खलाशी काही तिकीट दाखवणार नाही. पन्हाळेकाजीचं मात्र शंभर टक्के पटलं.

कऱ्हाडची लेक

परत आलो! सगळ्यांनी एवढं लिहिलंत, म्हणून हिशेब देणं भाग आहे.

कुड्याला चारच्या सुमारास पोचलो. शेळ्या नव्हत्या, काका, पण लेंड्या होत्या. टॉर्च आडवी धरायची युक्ती लाखाची. समोरून मारली तर नुसता डागाळलेला दगड, आणि आडवी धरल्याबरोबर 'ल' उभा राहिला. बाबांनी वही काढली आणि एकेक अक्षर उतरवायला लागले. मी टॉर्च धरून उभी. हात दुखला की "जरा वर, जरा वर" असं पोस्टमास्तरी आवाजात. पाऊण तासाने म्हणाले, "हे 'लोह' आहे." मग बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मला वाटलं गहिवरले. तर म्हणतात कसे, "आगाशिवला, घराच्या दारात लेणी असताना हा गृहस्थ एवढ्या लांब दान द्यायला का आला? उधारी वसूल करायला आला असणार." उतरताना हेच चालू होतं. लोखंड घाट उतरून इथवर आणायला किती बैल लागले असतील, पैसे कोणी बुडवले असतील. या नादात गुडघ्याकडे लक्ष नव्हतं, तो रात्री बोलला. तळा गावात गरम पाण्याची पिशवी मागितली, तर तिथल्या मावशींनी मीठ भाजून फडक्यात बांधून दिलं. बिरडं दोन्ही वेळा खाल्लं. पोपटी काही मिळाली नाही.

खोकरीला खरंच दोघंच होतो. जंगलजेटीत बाबांनी लांबून जंजिऱ्याकडे बघून पायातली चप्पल हलवून दाखवली.

कोर्लईत चर्चजवळ एक आजी भेटल्या. त्या नातवावर आधी त्यांच्या भाषेत ओरडल्या आणि मग आमच्याशी शुद्ध अलिबागी मराठीत बोलल्या. बाबांनी त्यांना लिपीबिपी काही विचारलं नाही. विचारलं, "तुमच्याकडे पत्रं यायची ती कुठल्या भाषेत?" त्या म्हणाल्या, "मराठीत. ही भाषा लिहितो कोण? ही तोंडानं बोलायची." पुण्याला पोचेपर्यंत बाबा तेच घोळवत होते.

आगरातली, तुमचा खिळा शोधला. तटाला दोऱ्या बऱ्याच दिसल्या, त्यातला तुमचा कुठला ते कळलं नाही.

पन्हाळेकाजीसाठी फेब्रुवारी ठरतोय. ताम्रपट, लेण्यांपाशी उतरायला पायऱ्या कशा आहेत, कठडा आहे का?