मारुती ८०० चं फ्लोअर: जुनी डांबरी शीट आणि सीलंट कसं उतरवावं? (सांगली)

कृष्णाकाठ:
गाडी मारुती ८००, १९९८ ची. ड्रायव्हरच्या पायाखाली कार्पेट सतत ओलं. सीट, कार्पेट काढलंय. थरथर कमी करायला कंपनीने बसवलेली डांबरी शीट कडेला फुगलीय आणि सांध्यांवर कुणीतरी पांढरं सिलिकॉन फासलंय. पटाशीने खरवडलं की चिकट गोळे होतात. सगळं पत्र्यापर्यंत उतरवायचंय. हीट गन (गरम हवेचं यंत्र) की ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड)?

पत्राकाम:
सगळं कशाला? ही शीट रंगाच्या भट्टीत पत्र्यावर वितळून बसलेली असते. घट्ट असेल तिथे खालचा रंग सहसा शाबूत असतो. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. भरीव ‘ठक’ आला तर हात लावू नका. पोकळ वाजलं, किंवा कडेला नख शिरलं, तर तेवढा भाग आणि भोवती चार बोटं उतरवा.

त्याआधी पाणी कुठून येतंय ते शोधा. एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने पाइप धरायचा, खालून सुरुवात करून वर जायचं. वरून सुरू केलंत तर सगळंच ओलं होतं आणि भोक कळत नाही. पुढच्या काचेचं रबर, क्लच केबलचा आणि वायरिंगचा ग्रोमेट (पत्र्याच्या भोकात बसणारं रबर) आधी बघा.

बॉडीशॉप_कुपवाड:
आडव्या फ्लोअरला ड्राय आइसच. पुढच्या सीटसमोरच्या, पायाखालच्या दोन्ही खणांना आठ-दहा किलो पुरतो. आणायचा त्याच दिवशी वापरा, थर्माकोलच्या डब्यातही उडून जातो. डब्याचं झाकण घट्ट बंद करू नका, आणताना गाडीच्या काचा उघड्या ठेवा. काम करतानाही सगळे दरवाजे उघडे हवेत. कार्बन डायऑक्साइड जड, खाली साचतो, आणि तुमचं डोकं तिथेच असणार.

बारीक फोडून शीटवर पसरा, वर जुनं पोतं टाका, दहा-पंधरा मिनिटं थांबा. उणे ७८ अंशाला डांबर काचेसारखं होतं. हातोडीने हलकेच टिचकी मारली की चिक्कीसारखे तुकडे उडतात. चष्मा आणि चामडी हातमोजे हवेतच. जोरात मारलंत तर पत्र्याला खड्डा पडेल.

कृष्णाकाठ:
फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) उभ्या भागावर बर्फ कसा थांबणार?

पत्राकाम:
नाही थांबत. तिथे हीट गन आणि बोथट पटाशी. वीतभर भाग तापवा, मऊ झाला की सलग सोलून काढा. धूर दिसला म्हणजे जास्त तापलं. मग डांबर पातळ होऊन पसरतं आणि काम दुप्पट. फ्लोअरखालून ब्रेक आणि पेट्रोलच्या नळ्या जातात, मागे टाकी आहे. तिकडे हीट गन नकोच. उरलेला काळा थर टर्पेंटाइनच्या फडक्याने निघतो. पेट्रोलने पुसायचा मोह टाळा.

बॉडीशॉप_कुपवाड:
सिलिकॉनबद्दल. व्हिनेगरसारखा वास मारणारं असेल तर ते सुकताना आम्ल सोडतं आणि उघडा पत्रा गंजवतं. थिनरने विरघळत नाही. ब्लेडने कापून काढा आणि शेवटचा तेलकट थरही घासा, नाहीतर प्रायमर तिथे माशाच्या डोळ्यासारखा फाटतो. कंपनीचं मूळ सीम सीलंट (पत्र्याचे सांधे बुजवणारा थर) मात्र तडकलं नसेल तर राहू दे. सांध्याच्या आतला तो भाग पुन्हा तसा भरता येत नाही.

आणि गाडी २०१९ किंवा २०२१ च्या पुरात बुडाली होती का? असेल तर दाराखालच्या सिलमध्ये (पत्र्याच्या पोकळ पट्टीत) गाळ असणार. वरून कितीही स्वच्छ केलं तरी आतून गंजणार. ग्रोमेट काढून आत पाणी मारा, वाळू द्या, मग आतून मेण फवारा.

कृष्णाकाठ:
२०१९ ला पाण्यात होती. मग पत्रा उघडा झाल्यावर पुढे?

पत्राकाम:
उघडा पत्रा रात्रभर ठेवायचा नाही, पावसाळ्यात तर नाहीच. तारेच्या ब्रशने गंज काढा. स्क्रूड्रायव्हर आरपार गेला तर आधी वेल्डिंग. त्या जागेवर पुट्टी थापू नका. मग दोन हात इपॉक्सी प्रायमर, त्यावर सांध्यांना पॉलियुरेथेन सीम सीलंट. क्रम उलटा करू नका, उघड्या पत्र्यावरच्या सीलंटखाली गंज चालूच राहतो.

नवीन शीट २ मिमीची ब्युटिल (चिकट रबराची) घ्या. छताला गळतीसाठी लावतात ती डांबरी पट्टी स्वस्त आहे, पण एप्रिलच्या उन्हात गाडीत वास मारेल. संपूर्ण फ्लोअर मढवायची गरज नाही. सपाट भागाचा पाव हिस्सा झाकला तरी पत्र्याची थरथर बरीच जाते. रोलरने दाबा, खाली हवा राहिली तर तिथेच पुन्हा पाणी साचेल. दारांतही लावणार असाल तर तळाची निचऱ्याची भोकं बुजवू नका.