मदत हवी आहे: पीओ, बिलं आणि प्रोजेक्टचं बजेट – तीन स्क्रीन, तीन आकडे

नमस्कार मंडळी. मी प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर आहे. ना प्रोग्रामर, ना अकाउंटंट, त्यामुळे शब्द इकडेतिकडे झाले तर सांभाळून घ्या.

आमच्याकडे हिशोबाचं सॉफ्टवेअर वेगळं, खरेदीचं वेगळं (मागणी, मंजुरी, पीओ म्हणजे परचेस ऑर्डर, माल आला की जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची नोंद) आणि कामांचा ट्रॅकर तिसराच. ट्रॅकरमध्ये प्रत्येक प्रोजेक्टसमोर 'बजेट' आणि 'खर्च झाला' असे दोन रकाने आहेत. दर सोमवारी वरून एकच प्रश्न येतो: अमक्या प्रोजेक्टात किती उरले?

म्हणून एक नो-कोड कनेक्टर (कोड न लिहिता सॉफ्टवेअरं जोडणारी सेवा) घेऊन तिन्ही जोडली. पीओ मंजूर झाली की तिची रक्कम 'खर्च झाला'मध्ये मिळवायची, बिल चढलं की बिलाचीही. दोन दिवस सगळे खूश. मग प्रोजेक्ट ००४७ आला.

त्याचं बजेट १०,००,०००. पीओ १०० नगांची, दर ४,०००, म्हणजे ४,००,०००. माल ६० नग आला, बिल २,४०,०००. खरेदीची स्क्रीन म्हणते ४,००,०००, हिशोबाची म्हणते २,४०,०००, आणि ट्रॅकर म्हणतो ६,४०,०००. मिटिंगमध्ये तिघे तीन कागद घेऊन बसले होते आणि प्रत्येकाचा कागद त्याच्या सॉफ्टवेअरप्रमाणे बरोबर होता!

वैतागून मी पीओची जोडणी बंद केली. आता फक्त बिलं येतात, तर प्रोजेक्ट मॅनेजरांना वाटतं पैसे भरपूर आहेत, आणि ते आणखी मागवतात.

अजून एक. पीओ दुरुस्त झाली की ट्रॅकरमध्ये तिचं दुसरं कार्ड तयार होतं. आणि सीएसव्ही फाइलने (साध्या मजकुराच्या तक्त्याने) आणलेल्या जुन्या नोंदींमध्ये ००४७ चं ४७ झालंय. कनेक्टर बदलू का? की एपीआयवर (सॉफ्टवेअरं थेट एकमेकांशी बोलायची सोय) काम करणारा माणूस शोधू?

कच्ची_वही:
कनेक्टर बदलून काही होणार नाही, तो सांगितलेलंच करतोय. चूक बेरजेत आहे. पीओ हा खर्च नव्हे, तो दिलेला शब्द आहे. क्विकबुक्स ऑनलाइन या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्येसुद्धा परचेस ऑर्डर नॉन-पोस्टिंग असते, म्हणजे तिने लेजर (खातेवही) हलत नाही. बिल आलं की तेवढा शब्द पुरा झाला, म्हणून तेवढी रक्कम पीओच्या बाजूने कमी व्हायला हवी. तुम्ही दोन्ही मिळवताय.

ट्रॅकरमध्ये एकाऐवजी दोन रकाने करा: 'बांधील' आणि 'प्रत्यक्ष'. तुमच्या उदाहरणात प्रत्यक्ष २,४०,०००, बांधील ४० नगांचे १,६०,०००. उरले ६,००,०००. सोमवारच्या प्रश्नाचं उत्तर हे.

आणि प्रत्येक आकड्याला एकच मालक ठेवा. प्रत्यक्ष फक्त हिशोबातून, बांधील फक्त खरेदीतून. ट्रॅकरमध्ये कोणी हाताने आकडा टाकायचा नाही, तो रकाना कुलूपबंद करा. एकाने जरी 'तात्पुरतं' दुरुस्त केलं तरी पुढे कोणता आकडा खरा हे कोणालाच सांगता येत नाही.

पीओ करासकट आणि बिल कर वगळून असं तर नाही ना? तेही बघा.

आडवा_पट्टा:
एकच ईआरपी (हिशोब, खरेदी सगळं एकत्र असलेलं सॉफ्टवेअर) घ्या, सगळं सुटेल.

कच्ची_वही:
@आडवा_पट्टा, घेतील तेव्हा घेतील. सोमवार दर आठवड्याला येतो. शिवाय पीओतल्या प्रत्येक मालाच्या ओळीवर प्रोजेक्ट कोड नसेल तर ईआरपीतही हेच होणार.

रात्रपाळी:
वर बरोबर सांगितलंय. तांत्रिक बाजू मी सांगतो.

दुसरं कार्ड का तयार होतं? वेबहूक (एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याला आपोआप धाडलेला निरोप) 'काहीतरी बदललं' एवढंच कळवतो. तोच निरोप दोनदा येऊ शकतो, आधीचा नंतर येऊ शकतो. तुमचा नियम प्रत्येक निरोपाला नवीन पीओ समजतो. त्यामुळे 'मिळवा' हा शब्दच जोडणीतून काढून टाका. निरोप आला की खरेदीच्या सॉफ्टवेअरमधून त्या पीओची सध्याची स्थिती पुन्हा वाचायची, प्रत्येक ओळीसाठी (मागवलेले नग वजा बिल झालेले नग) गुणिले दर काढायचं, आणि आलेली बेरीज ट्रॅकरमध्ये जुन्या आकड्यावर लिहायची. मग तोच निरोप दहा वेळा आला तरी आकडा तोच राहतो. कार्ड शोधताना पीओच्या अंतर्गत आयडीवरून शोधा. सापडलं तर बदला, नाही सापडलं तरच नवीन.

हिशेब ओळीवर करा, पीओच्या डोक्यावर नको. एका पीओत दोन प्रोजेक्टांचा माल असतोच, आणि बरेच तयार कनेक्टर फक्त वरचं प्रोजेक्टचं खानं उचलतात.

००४७ चं ४७ हे एक्सेलचं काम. तो कोडला संख्या समजतो आणि सुरुवातीची शून्यं खातो. १५ अंकांपेक्षा लांब नंबर असेल तर पंधराव्यानंतरचे अंक शून्य करून टाकतो, ते तर लक्षातही येत नाही. सीएसव्ही डबल क्लिकने उघडू नका, इम्पोर्ट करताना तो स्तंभ 'टेक्स्ट' निवडा. त्यापेक्षा कोडच 'पी००४७' असा ठेवला तर कटकटच नको.

रोज रात्री एकदा सगळ्या उघड्या पीओ पुन्हा वाचून आकडे ताडून बघणारं काम लावा, कारण एखादा वेबहूक हरवतोच. ते काम ४२९ हा एरर देऊन थांबलं तर घाबरू नका, समोरचा 'जरा हळू' म्हणतोय. थोडं थांबून पुन्हा विचारायचं.

जोडणी कोणाच्या लॉगिनने केली आहे? अकाउंटंटच्या वैयक्तिक लॉगिनने असेल तर ती नोकरी सोडेल त्या दिवशी सगळं बंद पडेल. वेगळं खातं काढा.

धागाकर्ती:
लॉगिन अकाउंटंटचंच निघालं. :( वेगळं खातं मागितलंय.

दोन रकाने करून फक्त ००४७ वर चालवून पाहिलं. बांधील १,६०,००० आलं, पण मॅनेजर म्हणाले, ४० पैकी १५ नग येणारच नाहीत, सप्लायरने मेल करून कळवलंय. तो मेल त्यांच्याकडे. खरेदीत पीओ अजून पूर्ण ४० साठी उघडी.

शिवाय सगळ्या उघड्या ओळी काढल्या तर १८६ निघाल्या, त्यातल्या २३ वर प्रोजेक्ट कोडच नाही.

कच्ची_वही:
त्या १५ नगांपुरती ओळ शॉर्ट क्लोज करायला (न येणारे नग वगळून बंद करायला) सांगा. बांधील १,००,००० होईल आणि उरलेले ६,६०,०००. हे काम सॉफ्टवेअर करणार नाही, माल येणार नाही हे ज्याला कळतं त्यानेच खरेदीला सांगायचं. जुन्या उघड्या पीओ महिन्यातून एकदा चाळायला बसा, बरंच काही मेलेलं सापडेल.

२३ ओळी आत्ता हाताने भरा. पुढे कोडशिवाय मागणी मंजुरीला जाताच कामा नये, खरेदीच्या फॉर्ममध्ये ते खानं सक्तीचं करा. 'इतर' असा पर्याय मात्र ठेवू नका, सगळे तोच निवडतील.

धागाकर्ती:
'इतर' आहे आमच्याकडे. आणि सगळे तोच निवडतात.

शेवटची शंका. एका सप्लायरला अ‍ॅडव्हान्स दिलाय, बिल अजून नाही. कनेक्टरमध्ये पेमेंटवरही एक नियम लावलेला दिसतोय, तो अ‍ॅडव्हान्सही खर्चात धरतो. ठेवू?

कच्ची_वही:
काढा. अ‍ॅडव्हान्स हे तुमचं सप्लायरकडचं येणं आहे, खर्च नाही. बिल येईपर्यंत ती पूर्ण रक्कम पीओमुळे 'बांधील'मध्ये बसलेलीच आहे. पेमेंटही धरलंत तर पुन्हा त्या ६,४०,००० सारखी दुहेरी बेरीज.

धागाकर्ती:
नियम बंद केला. सोमवारी एकच कागद घेऊन जाते.