प्रति: झाडीतून गेलं की धोका नाही?

'झाडी असली की हिमस्खलनाची चिंता नाही' हे स्कीने डोंगरात फिरण्याबद्दलचं विधान अर्धंच खरं आहे. ज्या झाडीतून स्की आरामात वळवता येतात, ती बर्फ धरून ठेवण्याइतकी दाट नसतेच. खरी भिस्त उतारावर: 30 अंशांच्या खाली बर्फाचा थर सहसा सुटत नाही. पण डोक्यावर 30 ते 45 अंशांचा मोकळा पट्टा असेल तर तिथला लोंढा थेट तुमच्या वाटेवर येतो. ओढ्याचे छोटे उभे काठ नकाशाच्या समोच्च रेषांत दिसतही नाहीत, ते जागेवरच मोजायचे.

झाडीतला खास धोका वेगळाच. सूचिपर्णी झाडाच्या खालच्या फांद्यांमुळे बुंध्याभोवती भुसभुशीत पोकळी राहते. तिच्यात डोकं खाली होऊन पडलं तर स्वतःहून निघणं जवळपास अशक्य. म्हणून पोलचे (हातातल्या स्की-काठ्यांचे) पट्टे मनगटातून काढा, शिटी गळ्याशी ठेवा आणि जोडीदाराला नजरेआड होऊ देऊ नका. बीकन (बर्फाखाली गाडलेल्याला शोधायचं रेडिओ यंत्र) असला तरी!

स्किनचं (चढताना स्की मागे घसरू नये म्हणून तळाला चिकटवायच्या केसाळ पट्टीचं) म्हणाल तर, उन्हातल्या ओल्या बर्फातून थंड सावलीत शिरलं की तिच्या तळाला बर्फाचे गोळे धरतात. ते खरवडून काढा आणि स्किनचं मेण केसांच्या दिशेनेच घासा. निघण्याआधीच लावलेलं बरं.